पयले कोरडी करा

गाडीत पाणी येतं अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की काका आधी स्वतःच्या चपला काढायचे. मग मागचं दार उघडून सीटवर बसायचे, पायाखालची मॅट बाजूला करायचे आणि उजव्या हाताचा तळवा कार्पेटवर ठेवून डोळे मिटायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा. गाडीचा मालक बाहेर उभा राहून पाणी कधी आलं, किती आलं, याची कहाणी सांगत असायचा. काका ती ऐकत नसत. थोड्या वेळाने डोळे उघडून ते एवढंच म्हणायचे, "पयले कोरडी करा. मंग बोलू."

यावर मालक हमखास चिडायचा. पाणी येतं म्हणून तर आलो, आणि हा माणूस म्हणतो कोरडी करून आणा. काका शांतपणे चपला घालत म्हणायचे, "ओल्या गाडीत नवं पाणी कोनतं न जुनं कोनतं, कसं समजन? दोन दिवस पंखा लावा. दारं उघडी ठेवा. मंग या."

निम्मे लोक परत येत नसत. जे येत, ते मग कायमचे काकांचे होऊन जात. मी त्यांतलीच एक.

प्रताप नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोठा कडुनिंब आहे. त्याच्याखाली काकांची टपरी होती. एक लोखंडी पेटी, दोन बादल्या, एक मग, एक बॅटरी, रद्दीचा गठ्ठा आणि पत्र्याच्या तुकड्यावर रंगाने लिहिलेली पाटी: 'गाडीत पाणी येते? या.' बाकी काही नाही. नावही नाही. पंक्चर काढत नसत, इंजिन उघडत नसत, धुणं-पुसणं करत नसत. फक्त गाडीत शिरणारं पाणी शोधायचं आणि बंद करायचं. एवढ्यावर माणसाचं घर चालतं, हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. त्यांना सगळे 'पाणीवाले काका' म्हणत. मीही तेच म्हणायची, आणि इथेही तेच म्हणते.

आमची ओळख झाली ती मे महिन्यात. मी कळमेश्वरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. जायला-यायला एक लाल सेकंडहँड गाडी आहे. त्या मे महिन्यात माझ्या शेजारच्या सीटपुढचं कार्पेट ओलं व्हायला लागलं. आता नागपूरचा मे तुम्हाला ठाऊकच आहे. आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि माझ्या गाडीत चिखल. मी सरळ नवऱ्यावर आळ घेतला. त्याला पाण्याची बाटली अर्धवट झाकण लावून सीटखाली टाकायची सवय आहे. तो म्हणाला, तुझ्या डब्यातलं ताक सांडलं असेल. आठवडाभर आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. एका गॅरेजवाल्याने तर समोरच्या काचेचं रबर बदलायला सांगितलं, म्हणजे पाऊस आत येणार नाही.

मग मी काकांकडे गेले. चपला काढणं झालं, हात ठेवणं झालं, दोन दिवस पंखा लावून गाडी पुन्हा नेणं झालं. नंतर त्यांनी बोट नाकाशी नेलं आणि मला विचारलं, "एसी लावता न, मॅडम?"

"लावते. मे महिन्यात कोण लावत नाही?"

"मंग हे आभाळातलं पाणी नाही. हे तुमच्या एसीचं आहे."

ते गाडीखाली सरपटत गेले. एका नळीच्या तोंडात तार घातली. आधी मातीचा एक गोळा पडला, आणि मागोमाग तांब्याभर थंडगार पाणी भदाभदा रस्त्यावर आलं. कुंभारीण माशीने त्या नळीत मातीचं घर बांधलं होतं. एसीचं पाणी बाहेर जायला जागा नव्हती म्हणून ते आत पडत होतं. काकांनी तो गोळा उचलून बाजूला कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवला. "उनाळ्यात तिनं थंडी जागा पाह्यली," ते म्हणाले. "तिचं काय चुकलं?"

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. दरवर्षी सातवीच्या वर्गात मी बर्फाच्या पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवते, त्याच्या बाहेरून थेंब जमतात, आणि मी विचारते, हे पाणी आलं कुठून? मुलं सांगतात, हवेतून. मी शाबासकी देते. आणि स्वतःच्या गाडीत तेच पाणी आलं तर नवऱ्याची बाटली शोधते. नवऱ्याला मी सॉरी म्हटलं नाही, पण त्या दिवशी जेवायला पाटवडी रस्सा केला. त्याला कळलं.

तेव्हापासून रविवारी सकाळी भाजी आणायला निघाले की मी टपरीशी थांबायला लागले. काकांनाही ऐकणारं माणूस आवडत असावं. पेटीवर रद्दी अंथरून मला बसायला द्यायचे.

हाताला पाणी कळतं म्हणजे काय, हे मी एकदा विचारलं. त्यांची सगळी उमर बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात गेली होती. रंगवलेलं कापड गरम रुळांवरून वाळून बाहेर यायचं, तिथे ते उभे असत. येणाऱ्या कापडावर तळवा ठेवायचा आणि सांगायचं, वाळलं की नाही. "मशीनले मीटर होतं," ते म्हणाले. "पण साहेब पयले माह्याकडं पाहे, मंग मीटरकडं." एका पावसाळ्यात त्याच साहेबाच्या गाडीत पाणी यायला लागलं. कोणाला सापडेना. काकांनी जेवणाच्या सुटीत हात ठेवून ते शोधलं. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर त्या एका आठवणीवर त्यांनी ही टपरी टाकली.

त्यांची पद्धत पाहायला मला फार आवडायचं. गाडी कोरडी झाली की आत सगळीकडे वर्तमानपत्र अंथरायचं. साधं पान. पुरवणी चालत नसे, कारण ती चकचकीत असते आणि थेंब प्यायला वेळ लावते. मग पाणी ओतायचं ते खालून वर. आधी दाराचा उंबरा, मग दार, मग काच, सगळ्यात शेवटी टप. प्रत्येक ठिकाणी एक मग पाणी, नंतर थांबायचं, आत पाहायचं, आणि कागद कोरडा असेल तरच पुढे. लोक नेमकं उलटं करतात, टपावरून पाइप सोडतात. "वरून सोडलं की सगळंच ओलं," काका म्हणायचे. "मंग चोर कोन न साव कोन?" मला हे इतकं पटलं की मी ते मुलांना सांगितलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे वाक्य फळ्यावर लिहून जे समजावता येत नव्हतं, ते काकांच्या मगाने समजलं.

एक निवृत्त अधिकारी होते. त्यांच्या गाडीत ओल येई म्हणून त्यांनी बाजारातून सिलिकॉनच्या नळ्या आणल्या आणि दिसेल ती फट स्वतःच्या हाताने बुजवली. दारांच्या तळाशी असतात ती भोकंसुद्धा. तरी पाणी येतच राहिलं, उलट वाढलं. त्यांनी गाडी आणली तेव्हा दार उघडताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज येत होता. काकांनी खाली बसून स्क्रूड्रायव्हरने एक भोक मोकळं केलं. सगळं पाणी साहेबांच्या बुटांवर.

"साहेब," काका जराही न हसता म्हणाले, "तुमी पाण्याचा यायचा रस्ता सोडला न जायचा बुजवला."

आणि त्यांचं दुसरं वाक्य होतं, ते मालकांना उद्देशून. मालक म्हणायचा, मला वाटतं खिडकीतून येतं. मला वाटतं वरून येतं. काका हात वर करून त्याला थांबवायचे. "दिसते ते सांगा. वाटते ते सांगू नका."

अशी तीनचार वर्षं गेली. आता मागे वळून पाहते तेव्हा कळतं, की काही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी त्या नुसत्या गंमत म्हणून पाहत होते. एक म्हणजे दाढी. काका वर्षभर खुरटी दाढी वाढवून असायचे, आठवड्यातून कधीतरी करायचे. पण शेवटची दोन वर्षं पावसाळा लागला की ते रोज गुळगुळीत होऊन यायला लागले. गल्लीतले लोक चिडवायचे, काय काका, कोनाचं लगन आहे? ते नुसते हसायचे. दुसरी गोष्ट चपलेची. एकदा ते बादली घेऊन नळाकडे गेले आणि त्यांची एक चप्पल वाटेत निघून राहिली. ते तसेच पुढे गेले, खडीवरून, एका पायाने अनवाणी, आणि भरलेली बादली घेऊन तसेच परत आले. मी चप्पल दाखवली तेव्हा त्यांनी आधी पायाकडे पाहिलं. मला वाटलं, कामाच्या नादात आहेत.

आणि तिसरी, की कार्पेटवर हात ठेवून झाल्यावर ते आताशा लगेच बोलत नसत. खालचा कागद काढून घेत, गाडीच्या मागे जात, आणि तिथून परत येऊन सांगत.

मग एका ऑगस्टमध्ये माझ्या गाडीच्या डिकीत पाणी यायला लागलं. स्टेपनीचा खड्डा अर्धा भरायचा. मी शहाण्यासारखी दोन दिवस पंखा लावून गाडी कोरडी केली आणि रविवारी पाऊस उघडल्यावर नेली. काकांनी डिकीत पेपर अंथरला आणि खालून सुरुवात केली. बंपरपाशी एक मग. डिकी उघडून हात ठेवला, डोळे मिटले. "कोरडं." नंतर डाव्या टेल लाइटपाशी एक मग. डिकी उघडली, हात ठेवला, डोळे मिटले.

"कोरडं," काका म्हणाले.

मी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते. त्यांच्या तळव्याखाली नोकरीच्या जाहिरातींचं पान होतं आणि त्यावर पोळीएवढा काळपट डाग पसरला होता. पलीकडच्या पानावरची अक्षरं त्यातून उलटी दिसत होती.

"काका, पुन्हा पाहा बरं."

त्यांनी हात उचलून पुन्हा ठेवला, बरोबर डागाच्या मध्यावर. डोळे मिटलेलेच. "कोरडं आहे, मॅडम."

मी काही बोलले नाही. पण माझा चेहरा शिक्षिकेचा आहे, तो गप्प राहत नाही. काकांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. त्यांनी ते पान उचललं, रस्त्याकडे पाठ केली आणि ते आपल्या गालाला लावलं.

"ओलं आहे," ते हळूच म्हणाले. "मले वाटलं कोरडं आहे."

वाटलं. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला, आणि तो त्यांनाही ऐकू आला असावा, कारण ते पेटीवर जाऊन बसले.

काकांना शुगर होती, बरीच वर्षं. आधी पाय बधिर झाले, मग हात. गरम चहाचा ग्लास धरला तरी समजत नाही, एकदा स्टोव्हवर बोट भाजलं ते घरात वास आल्यावर कळलं. गोळ्या चालू होत्या, पण गेलेला हात परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि हात गेलाय हे काकांना कळलं कसं, तर एका गाडीने. त्यांनी हात ठेवून ती कोरडी म्हणून पास केली होती. सीटखाली वायरिंगचा डबा असतो, त्यात पाणी गेलं आणि ती गाडी बुटीबोरीच्या रस्त्यावर भर पावसात बंद पडली. गाडीत एक बाई होती आणि तिचं तान्हं लेकरू. "तिनं मले शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं," काका म्हणाले. "ते म्हने, काका, तुमचं चुकत नाही कधी, माह्यंच काही चुकलं असन."

तेव्हापासून लोकांसमोर हात, आणि गाडीआड जाऊन गाल. दाढी असली की गालाला नीट कळत नाही, म्हणून पावसाळ्यात रोज दाढी.

मला राग आला. त्यांनी हे लपवलं याचा आला, आणि शेजारी बसून मला दोन वर्षांत दिसलं नाही याचा जास्त आला. मी विचारलं, "सांगत का नाही मग? गाल तर गाल."

"कोनाले सांगू नका, मॅडम." त्यांनी हात जोडले नाहीत, पण आवाज तसा होता. "गॅरेजवाले हातासाठी गाड्या पाठवतात. गालासाठी कोन पाठवन?"

मी सांगणार नाही म्हटलं. आणि मग त्या दिवसाचं काम अर्धंच राहिलं होतं, तर मीच म्हटलं, काका, मी आत बसते. तुम्ही ओता, मी पाहते. आता माझ्यासारख्या भरल्या अंगाच्या बाईने मागची सीट पाडून डिकीत शिरायचं म्हणजे काय, ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. गुडघे हनुवटीला, हातात बॅटरी, वर डिकीचं झाकण बंद. बाहेरून मगाचा आवाज आणि काकांचा.

"दिसलं का काही?"

"टेल लाइटमधून येतंय."

"दिसते का वाटते?"

मी पुन्हा पाहिलं. खरं तर मला फक्त लाइटखाली पडणारा थेंब दिसला होता. बॅटरी वर नेली. थेंब लाइटमधून येतच नव्हता. वरून एक वायर पत्र्याच्या भोकातून आत येत होती, त्या भोकाचं रबर फाटलं होतं, आणि पाणी त्या वायरवरून चालत येऊन लाइटपाशी टपकत होतं. मी ते सांगितलं.

"शाबास," काका म्हणाले. मी बाहेर आले तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील रस्त्यावर स्कूटर थांबवून उभे होते. त्यांनी नमस्कार केला. मीही केला.

मी विज्ञानाची शिक्षिका, तेव्हा मला स्वस्थ बसवेना. संत्र्याच्या बागांवर फवारतात ते मोरचूद तुम्ही पाहिलं असेल, निळेशार खडे. ते तापवलं की पाणी उडून पांढरं होतं, आणि थेंबभर पाणी लागलं की पुन्हा निळं. मी शाळेच्या प्रयोगशाळेत ते तापवलं, पांढरी पूड कागदाच्या पट्ट्यांना चोळली आणि मोठ्या ऐटीत काकांना नेऊन दिली. हाताची गरज नाही, गालाची नाही. पट्टी ठेवा, निळी झाली की पाणी. काकांनी पट्टी उलटसुलट पाहिली आणि पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी मी विचारायला गेले तर त्यांनी पेटी उघडून दाखवली. सगळ्या पट्ट्या निळ्या. ऑगस्टची हवा, तिच्यातच पाणी भरलेलं.

"मॅडम, तुमचा कागद तं पेटीतच भिजला," ते म्हणाले. त्या आठवड्यात ते पहिल्यांदा मनापासून हसले.

पण डिकीतून एक गोष्ट निघाली. काका आता प्रत्येक मालकाला आत बसवायला लागले. काचा बंद, हातात बॅटरी, बाहेरून मग. लोकांना वाटलं, ही काकांची नवी तऱ्हा. मालकांना ते आवडायचंच. स्वतःच्या गाडीतला चोर स्वतः पकडल्यासारखं वाटायचं. खरं कारण मला आणि काकांना माहीत होतं.

सप्टेंबरात ते झालं. रिंग रोडवर एक मोठं गॅरेज आहे. त्याचे सेठ काकांना सगळ्यात जास्त गाड्या पाठवत. त्या रविवारी ते स्वतःच गिऱ्हाइकाची एक पांढरी गाडी घेऊन आले. काम त्यांच्याकडेच झालं होतं, गिऱ्हाईक दुपारी घरच्यांना घेऊन अमरावतीला निघणार होतं. सेठसोबत त्यांची दोन माणसं होती. मी पेटीवर बसले होते, भाजीची पिशवी पायाशी.

"काका, फक्त हात लावून द्या," सेठ म्हणाले. "तुमचा हात लागला की मी गाडी देतो."

काकांनी चपला काढल्या. ड्रायव्हरच्या सीटखालच्या कार्पेटवर हात ठेवला. डोळे मिटले. सगळे थांबले. मला काय होणार ते कळत होतं. कोरडी म्हटलं की काम संपणार होतं, आणि बहुतेक ती कोरडी असेलही. नसली तर पुन्हा तोच रस्ता, तोच डबा, आणि आत घरचे लोक. कागद घेऊन गाडीआड जायला सेठच्या माणसांनी जागा ठेवली नव्हती. काकांनी डोळे उघडले तेव्हा आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. पिशवीतल्या वांग्यांकडे पाहत राहिले. त्यांच्या पोटावर पाय येणार होता, आणि मला त्यांना कुठल्याही बाजूला ढकलायचं नव्हतं.

"मले समजत नाही, सेठ," काका म्हणाले.

"काय समजत नाही?"

"हाताले समजत नाही. हात गेला माहा."

मग त्यांनी रद्दीतलं एक पान घेतलं, कार्पेट उचलून खाली सरकवलं, वरून गुडघ्याने दाबून धरलं, आणि बाहेर काढून सगळ्यांसमोर गालाला लावलं. भर रस्त्यावर, उजेडात. "ओलं आहे. गाडी देऊ नका."

सेठनी त्यांच्याकडे पाहिलं. "हात कधी गेला?"

"दोन वर्षं झाले."

"दोन वर्षं? मग माझ्या एवढ्या गाड्या पास केल्या त्या?"

"गालानं केल्या," काका म्हणाले.

एक माणूस हसला. सेठ हसले नाहीत. त्यांनी ते पान काकांच्या हातातून घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि गाडी घेऊन निघून गेले. गाडी त्यांनी त्या दिवशी गिऱ्हाइकाला दिली नाही, हे मला नंतर कळलं. पण त्यानंतर त्यांच्याकडून एकही गाडी आली नाही. एकाने बंद केलं की बाकीचे विचारतात का बंद केलं, आणि गॅरेजच्या धंद्यात बातमी लवकर पसरते. दसऱ्यापर्यंत काका टपरीशी नुसते बसून असत. दिवाळीनंतर पेटी उचलली आणि काका-काकू कळमेश्वरला मुलीकडे राहायला गेले. पाटी तेवढी कडुनिंबाला राहिली.

मी रोज कळमेश्वरला जाते, तरी त्यांच्याकडे गेले नाही. कोणत्या तोंडाने जायचं, असं वाटायचं. मी काही केलं नव्हतं, आणि तेच खुपत होतं.

यंदाच्या जुलैत गाडीत पुन्हा पाणी आलं. ड्रायव्हरच्या पायाशी. टपरीच्या जागी आता एक शहाळेवाला बसतो. शेवटी नाइलाजाने मी रिंग रोडवरच्या त्याच गॅरेजात गेले. तिथल्या मेकॅनिकने, चाळिशीचा असेल, मला सांगितलं, गाडी आधी कोरडी करून आणा. मी त्याच्याकडे पाहिलं. दोन दिवसांनी गेले तर त्याने आत पेपर अंथरले, मला आत बसवलं, हातात बॅटरी दिली आणि खालून मगाने पाणी ओतायला सुरुवात केली. वायपरखालच्या नाल्यात कडुनिंबाची पानं साचली होती, ती सापडली. त्याने ती काढली, पुन्हा ओतून पाहिलं, आणि मॅटखालचं पान काढून आपल्या गालाला लावलं.

मी गाडीतून उतरले. मग विचारलं, "गालाला का लावता?"

"हाताले बराबर समजत नाही, मॅडम."

"कोणी शिकवलं?"

"सेठनी सांगितलं. आमच्याकडं पयल्यापासून असंच आहे." त्याचे दोन्ही हात धडधाकट होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी काकांच्या मुलीचं घर शोधत गेले. पाऊस चालू होता. काका ओसरीत खुर्चीवर बसले होते, पायांत जाड मोजे. उठायला वेळ लागतो म्हणून उठले नाहीत, त्याची माफी मागितली. काकूंनी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, सेठचं, मेकॅनिकचं, गालाचं. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

"पयले कोरडी केली होती?"

"केली होती."

"पेपर साधा होता न? पुरवणी नाही?"

"साधा होता."

"न त्याची दाढी?"

मी आठवून पाहिलं. "वाढलेली होती. तीनचार दिवसांची."

काकांच्या पोटातून हसू आलं. "मंग त्याले काय समजते. सांगा त्याले, रोज करत जा म्हना."

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. काकू चहा देता देता म्हणाल्या, "पाहा न. जून लागला तसे रोज दाढी करून राहिले. कोनती गाडी येते इथं, विचारा यांले."

मी चहा ठेवला आणि पावसात गाडीपर्यंत गेले. सकाळी मॅटखाली मी स्वतःच एक पान घालून ठेवलं होतं, सवयीने. दिवसभर पाऊस त्या गाडीवर पडला होता. ते पान ओढणीखाली झाकून आणलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी ते आधी हातात घेतलं, दोन्ही तळव्यांत, थोडा वेळ. मग उजव्या गालाला लावलं आणि डोळे मिटले. ओसरीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"कोरडं," काका म्हणाले.

"वाटतं, की आहे?"

त्यांनी कागद गालावरून काढला नाही. "आहे," ते म्हणाले.